वाचकांचे प्रश्न : थर्टी म्हणालात की थर्टीन?

मोबाईलमधल्या एआयकडून इंग्लिश उच्चार सुधारताना काय अडचणी येतात ते कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. रावेर-यावलपासून धडगावपर्यंत सगळीकडून प्रश्न आले, काहींनी तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटच पाठवल्या, ते फार बरं केलं कारण उच्चार ऐकल्याशिवाय त्यावर बोलणं अवघड असतं. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यातून बाकीच्यांचंही काम होईल असे पाच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

रावेर तालुक्यातून

*ताई नमस्कार. आमचं केळीचं पॅकहाऊस आहे, माल कंटेनरने न्हावाशेवाला आणि तिथून दुबईला जातो. आधी बायरशी एक्सपोर्टर बोलायचा, आता मीच बोलतो. शिक्षण बारावी, मराठी मीडियम. इंग्लिश समजतं, वाक्यंही जमतात, पण समोरचा सारखा "सॉरी? अगेन?" करतो. मागे मी थर्टीन केजीचा बॉक्स म्हटलो आणि त्याने थर्टी ऐकलं, मग सगळा हिशोब परत मेलवर समजावून द्यावा लागला. रोज रात्री मी एआयशी इंग्लिशमधे बोलतो, ते तर म्हणतं तुझा उच्चार एक्सलंट आहे. मग बायरला का कळत नाही? काही उपाय शे का?*

भाऊ, उपाय शे. पण आधी ते एक्सलंट डोक्यातून काढून टाका, कारण ते मशीन बहुतेक वेळा तुमचा उच्चार तपासतच नसतं.

आवाजाचा मजकूर करणारी ही जी मॉडेल्स आहेत ती नुसता आवाज ओळखत नाहीत, पुढच्यामागच्या शब्दांवरून अंदाजही बांधतात. ओपनएआयने २०२२ मध्ये काढलेलं व्हिस्पर घ्या, ते ६ लाख ८० हजार तासांच्या रेकॉर्डिंगवर शिकलेलं आहे. एवढं ऐकलेल्या मशीनला केळीच्या वाक्यात बॉक्सच येणार, फॉक्स येणार नाही, हे पक्कं माहीत असतं, तुम्ही तो शब्द कसाही म्हणा, ते बॉक्सच लिहिणार. त्यात बऱ्याच व्हॉइस चॅटमधे तुमच्या आवाजाचा आधी मजकूर होतो आणि उत्तर देणाऱ्या मॉडेलकडे तो मजकूरच जातो, आवाज जातच नाही. हल्लीच्या नव्या व्हॉइस मोडमधे आवाज थेट जातो हे खरं, पण तिथेही या मॉडेल्सना गोड बोलायची सवय आहे, कसं बोललो विचारलं की कौतुकच येतं. म्हणून त्याला मत विचारू नका, मार्कही मागू नका. "काय ऐकलंस ते लिही" एवढंच मागा. या पानावरच्या सगळ्या उत्तरांत मी हेच फिरून फिरून सांगणार आहे, कारण माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथेच आहे.

आता करायचं कसं. फोनच्या कीबोर्डवरचा माईक घ्या, भाषा इंग्लिश ठेवा आणि वाक्य न बोलता सुटे शब्द बोला, प्रत्येकानंतर थांबा. वाक्य बोललात की त्याला अंदाज बांधायला जागा मिळते, सुट्या शब्दात ती फार कमी असते. घरातल्या कुणाला तरी कागदावर उलटसुलट क्रमाने लिहायला सांगा, थर्टी, फिफ्टीन, थर्टीन, फिफ्टी, सिक्स्टीन, सिक्स्टी, आणि तो कागद बघून बोला. स्क्रीनवर १३ उमटलं की ३० ते लगेच कळेल. कीबोर्डच्या सेटिंगमधे इंग्लिश इंडिया आणि इंग्लिश यूके असे वेगवेगळे पर्याय असतात, इंडियावालं आपल्या बोलण्याला सरावलेलं असतं म्हणून दोन्हीवर करून बघा, एकावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक येत असेल तर तो शब्द बाहेरच्या माणसापुढे अडकणार असं समजा.

तोंडाचं म्हणाल तर थर्टी मधे जोर पहिल्या भागावर आहे आणि शेवटची टी आखूड सुटते. थर्टीन मधे जोर दुसऱ्या भागावर, टी लांब, आणि शेवटचा न पूर्ण वाजला पाहिजे. आपण दोन्ही शब्द सारख्याच जोराने म्हणतो आणि न अर्धवट गिळतो. आता यात एक गोम आहे, थर्टीन बॉक्सेस असं जोडून म्हटलं की इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाचाही जोर पुढच्या भागावर सरकतो, म्हणजे त्यांच्यातही घोटाळे होतातच. त्यामुळे पैशाचा आणि वजनाचा आकडा कधीही एकदाच सांगू नका, "थर्टीन, वन थ्री" असा फोडून सांगा, आणि फोन ठेवल्यावर तोच आकडा मेसेजवर टाका. हे उच्चार सुधारल्यावरही करत राहा.

दुसरी गोष्ट प, ट, क ची. इंग्लिशमधे शब्दाच्या सुरुवातीला हे आवाज आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत येतो, पोर्ट म्हणताना जवळजवळ फ आणि प च्या मधलं काहीतरी होतं, फक्त ओठ आधी पूर्ण मिटलेले असतात. आपला प कोरडा असतो आणि परक्या कानाला तो ब वाटू शकतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून पोर्ट, पॅकिंग, टेन, कार्टन म्हणा, पट्टी हलली पाहिजे. स्पोर्ट म्हटलं की मात्र नाही हलणार, कारण स नंतर हा झोत नसतो. तुमचा बायर अरबी बोलणारा असेल तर आणखी एक लक्षात ठेवा, अरबीत प हा आवाजच नाही, त्याच्या स्वतःच्या बोलण्यात प चा ब होत असणार, म्हणून पोर्टचं नाव किंवा पॅलेटचा आकडा असला की दोघांनीही परत विचारून घेणं यात कमीपणा काही नाही.

आणि तुमच्या मालाचंच नाव. आपण ब-ना-ना तिन्ही अक्षरं एकाच वजनाने म्हणतो. इंग्लिशमधे पहिलं आणि शेवटचं अक्षर अगदी पुसट, सगळा जोर मधल्यावर, ब्रिटिश माणूस तिथे ना म्हणेल आणि अमेरिकन नॅ म्हणेल, पण जोर दोघांचाही मधेच. गुगलवर एखाद्या इंग्लिश शब्दापुढे प्रोनन्सिएशन असं टाईप करून बघा, शब्द सावकाश ऐकायची आणि ओठ कसे हलतात ते बघायची सोय येते. तुमच्या धंद्यात फिरून फिरून लागणारे शब्द किती असतील, कंटेनर, टेंपरेचर, इन्व्हॉइस, क्वालिटी, रायपनिंग, अशी एक वहीच करा आणि तेवढेच शब्द नीट बसवा. फोनवर तेच येणार आहेत.

भुसावळहून

*मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, रोज ट्रेनने जळगावला अप-डाऊन करते. एका ॲपवर उच्चारांची प्रॅक्टिस करते पण स्कोअर पासष्टच्या वर जातच नाही, थिंक, दिस, मदर असे शब्द आले की लाल होतं. मैत्रिणी म्हणतात अमेरिकन ॲक्सेंट आल्याशिवाय प्लेसमेंट विसर. रोज एक तास देते आणि आता रडू यायला लागलंय. माझं नक्की काय चुकतंय?*

बाळा, तुझं फारसं काही चुकत नाहीये, तू चुकीच्या आकड्यामागे पळतेयस.

ही ॲप्स वाईट नाहीत. एल्सा स्पीक हे २०१५ च्या सुमाराचं ॲप, ते काढणारी वू वान मूळची व्हिएतनामची, स्टॅनफर्डला शिकायला गेली तेव्हा तिला स्वतःलाच या अडचणी आल्या आणि त्यातून तिने हे काम सुरू केलं. अशी ॲप्स तुझा शब्द एकेका आवाजात तोडतात आणि प्रत्येक तुकडा त्यांच्याकडच्या नमुन्याशी ताडून बघतात. नमुना बहुतेक वेळा अमेरिकन. म्हणजे तो आकडा तू अमेरिकन नमुन्याच्या किती जवळ आहेस ते सांगतो. समोरच्याला तुझं बोलणं किती कळतं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

मशीनचा कान कुणाच्या आवाजावर घडलाय त्याने किती फरक पडतो बघ. २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या सिस्टिम तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी १९ शब्द चुकले आणि काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. ही सगळी माणसं अमेरिकनच, इंग्लिश त्यांची जन्माची भाषा. तिथे ही गत असेल तर भुसावळच्या पोरीने पासष्ट बघून रडायचं काय कारण आहे.

थ आणि द चं सांगते. जीभ दातांत धरून काढायचा तो इंग्लिश आवाज आपल्याकडे नाही, आपण आपला थ आणि द वापरतो. जेनिफर जेंकिन्स नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञ आहेत, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांशी इंग्लिश बोलतात तेव्हा नेमकं कशामुळे समजत नाही यावर त्यांचं काम आहे, आणि २००० साली त्यांनी मांडलेल्या यादीत हा आवाज आवश्यक धरलेलाच नाही. आवश्यक काय तर स्वरांची लांबी, प-ट-क चा तो हवेचा झोत, आणि वाक्यात नेमक्या शब्दावर जोर. तुझे ते लाल शब्द तसेच राहू दे, तो तास दुसरीकडे लाव.

कुठे, तर माझ्या मते शब्दातल्या जोरावर. आपल्या कॉलेजांमधे सगळ्यात जास्त घोळ इथे असतो आणि कुणी सांगत नाही. इंजिनिअर म्हणताना जोर शेवटी, निअर वर. डेव्हलप मधे जोर व्हे वर, आपण डे वर देतो. सर्टिफिकेट मधे टि वर. डिटर्मिन चा शेवट मिन आहे, माइन नाही. ॲनॅलिसिस मधे जोर दुसऱ्या अक्षरावर आणि ॲनलाइझ मधे पहिल्यावर. इंटरव्ह्यूत प्रोजेक्ट सांगताना हेच शब्द तू दहादा म्हणणार आहेस. आपल्या मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो, इंग्लिशमधे जोराचं अक्षर ताणलं जातं आणि बाकीची दबतात, ऐकणारा त्या ताणलेल्या अक्षरावरूनच शब्द पकडतो. जोर भलतीकडे पडला की आवाज बरोबर असूनही शब्द हातातून निसटतो.

तुझ्या प्रोजेक्टची माहिती इंग्लिशमधे लिहून एआयला दे आणि सांग की अवघड शब्द देवनागरीत लिही, जोराचं अक्षर जाड कर आणि वाक्यात कुठे थांबायचं तिथे रेघ दे. हे ते झटकन करतं. पण जोराच्या खुणा करताना ते ठामपणे चुकतंसुद्धा, म्हणून केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरची खूण दाबून शब्द ऐकून घे, फुकट आहे. यूग्लिश नावाची साईटही बघ, त्यात एआय वगैरे काही नाही, शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंतली खरी माणसं तो शब्द कसा बोलतात ते एकामागून एक ऐकवते, आणि तिथे ऐकलं की लक्षात येतं की सगळे एकसारखं बोलतच नाहीत.

आणि प्लेसमेंटचं. इंटरव्ह्यू घेणारा बहुधा पुण्याचा किंवा बंगलोरचा असेल. ओढूनताणून आणलेला अमेरिकन ॲक्सेंट दुसऱ्या मिनिटाला सुटतो आणि मग माणूस गडबडतो, त्यापेक्षा सावकाश, स्पष्ट, जोर नीट ठेवून बोललेलं खान्देशी इंग्लिश मला हजारपट चांगलं वाटतं.

धडगाव भागातून, एक शिक्षक

*माझ्या शाळेतली मुलं घरी पावरी, भिली आणि काही अहिराणी बोलतात. मराठी बोलतानाच ळ चा य होतो, शाळा ची साया होते, पाणी चं पानी होतं. काही पालक आणि एकदोन सहकारी म्हणतात की आधी मुलांची ही बोली सुटली पाहिजे, मग इंग्लिश उच्चार येतील. मला ते पटत नाही पण उत्तर देता येत नाही. एआय ॲप वर्गात वापरू का?*

सर, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, आणि उत्तर द्यायला तुमच्याकडे भरपूर आहे.

इंग्लिशमधे ळ नाही. ण पण नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून या मुलांना टोकलं जातं त्यांचा इंग्लिशशी काडीचा संबंध नाही. जयगाव म्हणणारा मुलगा आणि जळगाव म्हणणारा मुलगा इंग्लिशच्या दारात एकाच जागी उभे आहेत. संबंध फक्त एकाचा, श आणि स चा. शिप आणि सिप, शी आणि सी, शॉर्ट आणि सॉर्ट हे वेगळे शब्द आहेत, तर तेवढा फरक कानाला आणि जिभेला शिकवावा लागेल, तोही खेळातून होतो. एका बाजूला जहाजाचं चित्र, दुसऱ्या बाजूला घोट घेणाऱ्या मुलाचं, शब्द ऐकून मुलांनी त्या बाजूला पळायचं. आधी कानाने पकडू द्या, बोलायला नंतर सांगा. घरची बोली सोडून दिल्याने यातलं काहीही सोपं होत नाही, उलट दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांना एकाच गोष्टीचे वेगवेगळे आवाज असतात हे आधीच ठाऊक असतं, ती तुमची जमेची बाजू आहे. बोलीवरून हसलं गेलेलं मूल वर्गात तोंडच उघडत नाही, आणि तोंड न उघडता कुठलाच उच्चार येत नाही. हे त्या पालकांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

ॲपचं म्हणाल तर गुगलचं रीड अलाँग आहे, मार्च २०१९ मध्ये आधी बोलो नावाने ते भारतातच आलं. मूल गोष्ट मोठ्याने वाचतं आणि दिया नावाचं पात्र अडेल तिथे शब्द सांगतं, इंग्लिशबरोबर मराठी गोष्टीही आहेत, आणि गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेट नसतानाही चालतं, जे तुमच्याकडे महत्त्वाचं आहे. पण एक सांभाळा. आवाज ओळखणारी मशीन जास्त करून मोठ्या माणसांच्या बोलण्यावर घडलेली असतात, लहान मुलांच्या आवाजात ती जास्त चुकतात, त्यातून पावरी बोलणाऱ्या मुलाचा आवाज त्यांनी कुठे ऐकलाय. मशीनने चूक म्हटलं की ते अंतिम धरू नका, तुम्ही ऐका, तुम्हाला बरोबर वाटलं तर बरोबर. मुलांचे स्कोअर भिंतीवर लावू नका. आणि मोठ्यांसाठीच्या चॅट ॲपमधे मुलांचा आवाज देऊ नका, द्यावाच लागला तर त्या ॲपच्या सेटिंगमधे रेकॉर्डिंग मशीनच्या ट्रेनिंगसाठी द्यायचं की नाही हा पर्याय शोधून आधी बंद करा.

धुळ्याहून, एक नर्स

*परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा देतेय, त्यातलं स्पीकिंग, म्हणजे बोलण्याचा भाग, देणार आहे. माझा ॲक्सेंट अगदी गावाकडचा आहे. मार्क जातील का?*

ॲक्सेंटचे नाही जाणार. स्पीकिंगमधे चार गोष्टी सारख्याच वजनाने बघतात, बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात तुम्ही किती सहज समजता, जोर आणि चढउतार कसे आहेत हे बघतात, कुठल्या गावच्या वाटता ते नाही. परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि त्यात एक भाग सलग एक-दोन मिनिटं बोलायचा आहे. तेवढा भाग फोनवर रेकॉर्ड करा, एआयकडून त्याचा मजकूर करून घ्या, आणि दुरुस्त न करता जसंच्या तसं लिही असं आवर्जून सांगा. मग रेकॉर्डिंग ऐकत मजकूर वाचा. जिथे त्याने भलताच शब्द लिहिलाय तिथे खूण करा आणि त्याच शब्दांवर काम करा, बाकी सोडून द्या. पेशंट, पेन, टॅबलेट, टेंपरेचर हे प-ट चे शब्द तुमच्या रोजच्या कामातले, वर रावेरच्या भाऊंना सांगितलेला कागदाच्या पट्टीचा प्रयोग तुम्हीही करा.

पारोळ्याहून

*माझं वय अठ्ठावन्न. मुलगा-सून अमेरिकेत, नातू सहा वर्षांचा, त्याला मराठी समजतं थोडं पण बोलतो इंग्लिशच. व्हिडिओ कॉलवर मी इंग्लिश बोलले की तो "व्हॉट, आज्जी?" करतो आणि मग मीच गप्प बसते. या वयात जीभ वळेल का? पैसे भरून ॲप घ्यायची माझी तयारी नाही.*

काकू, पैसे अजिबात भरू नका, आणि गप्प तर मुळीच बसू नका.

तुमची व्हॉइस नोट मी दोनतीनदा ऐकली. तुमचे शब्द सगळे बरोबर आहेत, अडतंय ते जास्त करून एकाच ठिकाणी. आपण मराठी माणसं व्हेअर, व्हॉट, व्हाय, व्हेन असं म्हणतो, कारण लिहितोच तसं. इंग्लिशमधे तिथे ह नाही, दातही ओठाला लागत नाहीत. ओठ आधी उ म्हणताना करतो तसे गोल करा आणि मग पुढे जा, उ-एअर, उ-ऑट, उ-आय, हळूहळू जोडत न्या. व्हेरी, व्हिडिओ, व्हेजिटेबल यात मात्र वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे आणि आवाज घुमवायचा. आरशात बघून करा, दात दिसले तर व्हेरी, ओठ गोल दिसले तर वेअर. वयाचा यात अडथळा नाही, सवय जुनी आहे म्हणून वेळ थोडा जास्त लागेल इतकंच.

नातवाशी तुम्ही रोज काय बोलता, जेवलास का, शाळेत काय केलं, बाहेर बर्फ आहे का. ही तुमची पाच-सात वाक्यं मराठीत बोलून एआयला सांगा की सहा वर्षांच्या मुलाशी बोलायच्या साध्या इंग्लिशमधे कर आणि सावकाश बोलून दाखव. गुगलच्या जेमिनी ॲपमधलं बोलायचं एआय, जेमिनी लाईव्ह, त्याला मराठी कळतं, फुकटात चालतं. ऐका, मागे म्हणा, दुपारी निवांत असाल तेव्हा दहा मिनिटं. मग कीबोर्डचा माईक दाबून तेच वाक्य बोला आणि काय उमटतं ते बघा.

आणि नातवालाही कामाला लावा. त्याने व्हॉट आज्जी म्हटलं की त्यालाच विचारा, हाऊ डू यू से इट? मुलांना आजीची मास्तरकी करायला फार आवडतं. बदल्यात त्याला एक मराठी वाक्य बोलायला लावा, शक्यतो ळ असलेलं, तिकडे वाढणाऱ्या मुलांना तो ळ काही केल्या येत नाही, तर त्याला "आजी, केळं दे" पासून सुरुवात करू द्या. कॉल कसा झाला ते पुढच्या महिन्यात व्हॉइस नोटवर कळवा, नातवाचा आवाज पण पाठवा.